विमानातल्या धकाते मॅडम

धकाते मॅडमनी माझ्यासमोर पहिल्यांदा माणसाला मारलं तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची किटली होती, आणि किटलीत नुकताच केलेला चहा होता.

चौथ्या रांगेत लग्नावरून परतणारे चौघं बसले होते. त्यातल्या एकानं माझ्यासोबत वाढणाऱ्या प्रीतीच्या कमरेला हात घातला आणि काढेना. प्रीती हातातला ट्रे सांभाळत कशीबशी उभी होती. मॅडम मागून आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सर, हात काढा." तो हसला. त्याचे सोबतीही हसले. मॅडमनी दुसऱ्यांदा काही सांगितलं नाही. त्याचं मनगट खुर्चीच्या हातावर टेकलेलं होतं, त्यावर त्यांनी किटलीचं बूड आपटलं. सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. चहा त्याच्या पँटीवर सांडला आणि तो इतक्या जोरात ओरडला की स्वयंपाकघरातला महाराज झारा घेऊन बाहेर आला.

मॅडमनी किटली खाली ठेवली, कमरेचा रुमाल काढून हात पुसले आणि विचारलं, "सर, बर्फ देऊ का?"

बाकीचे तिघं उठले. तेव्हा त्या आपल्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "बसा गा खाली. एकाचाच मोडला आहे अजून."

ते बसले. मी नोकरीला लागून तेव्हा चार दिवस झाले होते.

रामटेक रोडवर एका कंत्राटदारानं जुनं प्रवासी विमान आणून त्याचं हॉटेल केलं होतं. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. भंगारात निघालेलं दोन इंजिनांचं जेट होतं ते, बारीक आणि लांबट. ट्रेलरवर तुकड्यातुकड्यांनी आलं आणि सिमेंटच्या खांबांवर उभं राहिलं. आत समोरासमोर खुर्च्या, मध्ये टेबलं. खिडकीतून ढगांच्या जागी संत्र्याचा बगीचा दिसायचा. वाढायला आम्ही सात मुली, सगळ्या आजूबाजूच्या गावांतल्या. निळी साडी, गळ्याला पिवळा रुमाल. गिऱ्हाईक आम्हाला 'ओ हवाईसुंदरी' म्हणून हाक मारायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचं.

मॅडमना कोणी बोलावलं नव्हतं. विमान जोडणं चालू असताना त्या एका दुपारी नागपूरच्या बसमधून उतरल्या, कापडी पिशवी काखेत धरून विमानाभोवती दोन चकरा मारल्या आणि डाव्या पंखाखाली येऊन थांबल्या. पंख ट्रेलरवर मावावा म्हणून कापला होता आणि वेल्डर तो उलटा जोडत होता. मॅडमनी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, आजी, बाजूला व्हा, ठिणगी उडेल. मॅडमनी त्याच्या तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा वर केला, एक थोबाडीत दिली आणि मुखवटा परत खाली केला. ही गोष्ट चौकीदार सगळ्यांना सांगायचा, हावभाव करून. साहेबांनी त्याच दिवशी त्यांना मुलींना शिकवायला ठेवून घेतलं. पंखही सुलटा झाला.

तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं. किडकिडीत, ताठ, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले. राहायच्या सक्करदऱ्याला, तलावाजवळच्या एका खोलीत, एकट्या. घराणं नागपूरच्या विणकरांचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. त्या घरातली मुलगी विशीत मुंबईला गेली आणि विमानात लागली. पहिलं उड्डाण ह्याच जातीच्या विमानात, पुढे जम्बोवर. तीस वर्षं उडल्या.

सकाळी हॉटेल उघडण्याआधी त्या एकट्याच विमानात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायच्या. डोक्यावरच्या कप्प्यांना बोटं लावत, एकेक दाबून बघत. कप्प्यांत आता पापडाचे डबे आणि टिशूचे गठ्ठे असायचे. तरी दाबून बघायच्या. गिऱ्हाइकाशी बोलताना कधी वाकून उभ्या राहायच्या नाहीत, गुडघ्यात बसायच्या, म्हणजे डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. आम्हाला म्हणायच्या, "वरून बोललं की माणूस भांडते. खालून बोललं की माजते. बरोबरीनं बोला." गरम वस्तू नेहमी भिंतीकडच्या हातात. नखं वाढलेली दिसली की स्वतः कापायच्या, आणि तेही दुखेल इतकी खोल.

दुपारी तीन ते पाच हॉटेल रिकामं असायचं. त्या वेळात त्यांना छेडलं की त्या जुन्या विमानांचं सांगायच्या. जम्बोला वर एक माडी होती आणि तिला गोल जिना होता. जेवण चिनी मातीच्या ताटलीत यायचं, मीठ-मिऱ्यांच्या बुटुकल्या बरण्यांसकट. प्रत्येकाला छापील कार्ड मिळायचं आणि लोक ते घडी करून घरी न्यायचे, भिंतीवर लावायला. खुर्चीच्या हातात राखेचं भांडं असायचं. माणसं कोट घालून यायची. बाया भरजरी नेसून यायच्या आणि बारा तासांच्या प्रवासात पदराची चुणी मोडू द्यायच्या नाहीत. एक जण परदेशी निघाला की पन्नास जण पोचवायला यायचे. लहान पोर असेल तर कॅप्टन त्याला पुढे बोलावून मांडीवर घ्यायचा.

"आता कसं आहे जी?" प्रीती विचारायची.

"आता पाण्याची बाटली विकत घ्या आणि गुडघे कानाशी लावून बसा. एसटी बरी. एसटीत कंडक्टर निदान तुमच्यावर ओरडते तरी."

आम्ही ऐकत राहायचो. मला वाटायचं, ह्या बाईनं केवढं सुंदर आयुष्य पाहिलंय आणि आम्ही इथं मंचुरियन वाढतोय.

एकदा मी तसं बोलून गेले. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला आणि बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला बटणाएवढे तीन गोल डाग होते, कातडी चकाकती.

"सिगारेट," त्या म्हणाल्या. "कोटवाला होता. पहिल्या वर्गाचा. मी दारू आणायला उशीर केला म्हणून. तिसऱ्यांदा लावली तेव्हा माझ्याकडे पाहून राहिला होता, मी ओरडते का म्हणून."

"मग?"

"मग काय. कॅप्टनले सांगितलं. कॅप्टन म्हणे, लीला, तीन तास राहिले आहेत, सांभाळून घे. सांभाळून घेतलं. त्याले जेवण दिलं. उतरताना हात जोडून नमस्ते केलं. तो म्हणे, फार छान सेवा." बाही खाली करून त्यांनी बटण लावलं. "लई सुंदर होतं वं ते सगळं. खोटं नाही सांगून राहिली. हे पण होतं."

त्यांचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नव्हता. तो भावाचा प्रसाद होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्या केस कापून घरी आल्या. अंगणात सगळ्या गल्लीसमोर थोरल्या भावानं मागाचा लाकडी दांडा उचलला आणि कोपर फुटेपर्यंत मारलं. वडील मागावर बसून होते. त्यांचा धोटा थांबला नाही, असं मॅडम सांगायच्या. प्लास्टर निघाल्यावर कंपनीच्या डॉक्टरला कळू नये म्हणून त्या रोज त्या हातात पाण्याची बादली धरून उभ्या राहायच्या, हात सरळ व्हावा म्हणून. झाला, पण थोडा राहिलाच. नोकरी संपेपर्यंत त्यांनी तो वाकडा हात कोणाला कळू दिला नाही.

मी हे सांगतेय म्हणजे त्या फार मोठ्या मनाच्या होत्या असं कोणी समजू नये. त्या आम्हाला मारायच्या. चमच्यानं, ट्रेनं, हातानं. दंडाला चिमटा घेतला तर आठवडाभर निळं राहायचं. मंगळवारी गिऱ्हाईक कमी. त्या दिवशी त्या आमच्याकडून विमान रिकामं करायची कवायत करून घ्यायच्या. मागच्या दाराला लोखंडी शिडी होती. स्वयंपाकघरातली माणसं, माळी, चौकीदार, सगळ्यांना खुर्च्यांवर बसवायचं, मग त्या ओरडायच्या, "सामान सोडा! इकडून! मागं वळू नका!" आणि दीड मिनिटात सगळे खाली गेले पाहिजेत. विमान सिमेंटच्या खांबांना बांधलेलं, जागचं हलणारही नाही. आम्हाला हसू यायचं. जी हसली तिच्या पाठीत बुक्की.

एकदा मी वाढायच्या ढकलगाडीचा ब्रेक लावायला विसरले. गाडी उतारानं घरंगळली आणि एका लहान मुलीच्या पायाला लागली. फार काही झालं नाही, थोडं खरचटलं. गिऱ्हाईक गेल्यावर मॅडमनी मला मागच्या पडद्याआड नेलं आणि अशी थप्पड मारली की कानातलं तुटून पाळी चिरली. रक्त निळ्या साडीवर आलं. मी पंचवीस वर्षांची बाई, उभ्या उभ्या थरथर कापायला लागले. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या ध्यानात आलं असावं की मी एका थपडेला एवढी का कापते. त्याच आठवड्यात साडी बदलताना त्यांनी माझी पाठ पाहिली होती.

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. कापसाचा बोळा दाबून धरला, मग मला खुर्चीवर बसवून माझे केस सोडले आणि कान झाकला जाईल असे पुन्हा बांधून दिले. त्यानंतर मला त्यांनी कधी हात लावला नाही. बाकीच्यांना लावत राहिल्या.

माझ्या पाठीवरचे वण माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, केलेले होते. माझं माहेर पारशिवनीच्या आत, सासर उमरेडला. दोन वर्षं राहून मी परत आले होते. सुधीर आधी माहेरी येऊन शिव्या देऊन गेला, मग भावाला धमकावून गेला. मी कुठे काम करते हे त्याला कोणाच्या तरी मोबाइलवरच्या फोटोतून कळलं. निळी साडी, पिवळा रुमाल, हातात ट्रे.

तो आला त्या दिवशी रविवार होता, दुपारचा दीड. विमान भरलेलं. मधल्या रांगांत एका पोराचा वाढदिवस चालला होता, कागदी टोप्या घातलेली दहाबारा मुलं होती. मॅडम पुढच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी खिडकीतून गाडी थांबलेली पाहिली, तिघं उतरलेले पाहिले, आणि पहिल्याच्या हातातली सब्बल, लोखंडी पहार, पाहिली.

"वनिता, हा कोण?"

मी वाकून पाहिलं. माझ्या हातून पाण्याचा जग पडला. उत्तर द्यावं लागलं नाही.

पुढच्या दाराला लागूनच विमानाचा जुना संडास होता. आम्ही त्यात झाडू आणि फिनेल ठेवायचो. मॅडमनी मला खांद्याला धरून आत ढकललं. "कडी लाव. मी म्हणल्याबिगर उघडायचं नाही. मी मेली तरी नाही." मी कडी लावली.

त्यानंतरचं सगळं मी ऐकलेलं आहे.

पहिल्यांदा त्यांचा आवाज आला, मंगळवारचा आवाज. "सामान सोडा! मागच्या दारानं! इकडून! मागं वळू नका!" प्रीतीनं मागून तेच म्हटलं, मग सगळ्याच पोरी ओरडायला लागल्या. खुर्च्या सरकल्या, मुलं रडली, एक बाई 'माझी पर्स, माझी पर्स' करत होती आणि कोणीतरी तिला चक्क ढकललं. लोखंडी शिडीवर पायांचा दणदणाट झाला आणि थांबला. नंतर प्रीतीनं सांगितलं, शेवटची ती उतरली तेव्हा पुढच्या शिडीवर सुधीरचं पहिलं पाऊल पडत होतं.

"माही बायको कुठं आहे?"

"सर, हॉटेल बंद आहे."

"बाजूला हो, बुढ्ढे."

"सर, खाली उतरा."

मग सब्बलीचा वार. लोखंड अंगावर पडल्याचा आवाज मला ओळखीचा आहे. मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त जोरानं श्वास बाहेर सोडला. त्यांच्या डाव्या खांद्याचं हाड तुटलं होतं आणि कानाची वरची कड फाटून लोंबत होती. पाठोपाठ फुसकन मोठा आवाज आला. आग विझवायची लाल टाकी त्यांनी त्याच्या तोंडावर सोडली होती. पांढरी भुकटी दाराच्या फटीतून माझ्याकडेही आली. खाली उभे असलेले दोघं खोकत पळाले. सुधीर आंधळ्यासारखा शिव्या देत सब्बल फिरवत होता. ती संडासाच्या दारावर आपटली आणि माझ्या तोंडासमोर पत्रा आत आला.

मग टाकीचा पहिला घाव. गुडघ्यावर. तो खाली कोसळला. सब्बल शिडीवरून एकेक पायरी वाजत खाली गेली.

मग सुधीरचा आवाज. दोन वर्षं त्याच्या घरात राहून मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "बस, बस. नको, माय. बस झालं."

आणि मग दुसरा घाव.

तो जबड्यावर बसला. सहा दात गेले, हाड दोन ठिकाणी मोडलं.

मी दार उघडलं नाही. मॅडम म्हणाल्या नव्हत्या. पोलीस आले आणि त्यांनी ठोठावलं तेव्हा मी फिनेलच्या डब्यावर बसलेली होते आणि माझे दोन्ही हात कानांवर होते. हवालदारानं विचारलं, काय ऐकलं? मी म्हटलं, आग विझवायच्या आवाजात काही कळलं नाही.

मॅडम तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या. साडी खांद्यापासून कमरेपर्यंत लाल. पोलिसांनी अँब्युलन्समध्ये बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "मुलं मोजली का? बारा होती. मोजा."

बाराच्या बारा होती.

दोन खटले उभे राहिले. एक सुधीरवर, एक मॅडमवर. साहेबांनी मॅडमना दवाखान्यात असतानाच कामावरून कमी केलं. पेपरात बातमी आली होती आणि कुटुंबं यायची बंद झाली होती. आठ महिन्यांत हॉटेल बुडालं. मी माहेरी न जाता नागपूरला आले आणि सक्करदऱ्याला मॅडमच्याच खोलीच्या वर भाड्यानं राहिले. मॅडमचा डावा हात आता खांद्यापासूनच उचलत नव्हता. मी त्यांची वेणी घालून द्यायची. त्या दिवशीबद्दल आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

तारखांना दोघी बसनं रामटेकला जायचो. अशाच एका तारखेहून परत येताना विमानापाशी पोकलेन उभा दिसला. मॅडमनी बस थांबवायला लावली. आम्ही रस्त्याच्या पलीकडे बाभळीखाली उभ्या राहिलो.

पोकलेननं आधी शेपूट धरलं आणि पिळलं. जनावराचा पाय उपटावा तसं ते निघालं, आतल्या तारा लोंबत. मग गॅस कटरवाले चढले. कापलेल्या पोटातून आमच्या निळ्या खुर्च्या दिसायला लागल्या. पोकलेनचा दात आत गेला आणि खुर्च्या चार-चार, पाच-पाच बाहेर ओढून खाली फेकू लागला. मॅडम प्रत्येक तुकड्याचं नाव सांगत होत्या. मला सांगत नव्हत्या, आपल्याशीच. "मागचं स्वयंपाकघर. जीवरक्षक जाकिटं ठेवायची जागा. सोळा नंबर. पंधरा. इथं एका बाईच्या वेणा सुरू झाल्या होत्या, मी पडदा धरून उभी होती." नाकाचा भाग शेवटी राहिला. पोकलेनवाल्यानं दांडा उंच नेला आणि वरून आपटला. एकदा, दोनदा, तिसऱ्या वेळी काच फुटली आणि नाक आत दबलं.

मॅडमच्या तोंडून एक आवाज निघाला. खांदा तुटला तेव्हासुद्धा तो निघाला नव्हता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला आणि खाली वाकून रस्त्यावरचा एक दगड उचलला. मला वाटलं, आता पोकलेनवाल्याचं काही खरं नाही. पण अंतर फार होतं आणि त्यांना ते दिसत होतं. बस येईपर्यंत त्या दगड तसाच मुठीत धरून उभ्या होत्या. बसमध्येही तो मांडीवर होता.

मॅडमवरच्या खटल्याची मुख्य तारीख पावसाळा संपल्यावर लागली. वकिलानं आम्हाला आदल्या आठवड्यात बोलावून सगळं पढवलं होतं. मॅडमनी म्हणायचं, गुन्हा कबूल नाही. झटापटीत टाकी एकदाच लागली आणि सुधीर पडताना त्याचा जबडा पायरीवर आपटला. पुढे साक्ष माझी. मी आतून ऐकलं, एकच आवाज आला, आणि नंतर माणूस पडल्याचा. "एकच," वकील मला म्हणाले. "हे पक्कं ठेवा." मी मान हलवली. त्या आठवड्यात मला झोप आली नाही. सुधीरसाठी नाही. त्याचं वाईट वाटत नव्हतं. पण ते 'नको, माय' माझ्या कानात बसलं होतं. ते मीही दोन वर्षं म्हणत आले होते, आणि माझ्या वेळी त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

मॅडम कठड्याला धरून उभ्या होत्या. "कबूल आहे."

वकील उठले. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"दोनदा मारलं मी. पहिल्यांदा मारलं ते मारावंच लागलं असतं. सब्बल होती त्याच्या हातात. दुसऱ्यांदा सब्बल नव्हती. तो नको म्हणून राहिला होता. मी ऐकलं आणि मारलं."

"तुम्हाला समजतंय का तुम्ही काय सांगताय?"

"हो जी. सगळं समजते."

सुधीर समोरच्या बाकावर काठी घेऊन बसला होता, तो खाली बघायला लागला.

न्यायाधीशांनी दुपारपर्यंत थांबायला सांगितलं आणि मग मॅडमचं वय, पहिलाच गुन्हा, अंगावर झालेला हल्ला असं सगळं धरून, वर्षभर कोणावरही हात उचलणार नाही असा बाँड लिहून घेऊन सोडायचं ठरवलं. कागद तयार व्हायला वेळ होता. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. वकील तसेच निघून गेले.

"तुम्ही काहून सांगितलं जी?" मी विचारलं. "जेल झाली असती तर?"

"तू आत होतीस ना," त्या म्हणाल्या. "पातळ पत्र्याचं दार. तुले ऐकू आलं असंल."

मी हो म्हणून मान हलवली.

"मी नाही म्हटलं असतं तर तुले पण नाही म्हणा लागलं असतं. तिथं उभी राहून, त्याच्यासमोर. मंग जन्मभर तेच घेऊन बसली असतीस तू." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "जा, चहा सांगून ये. साखर कमी."

मॅडम त्यानंतर सात महिने जगल्या. पण त्या दिवशी कोर्टातूनच मी घ्यायला आलेल्या भावाबरोबर पारशिवनीला गेले. आई आजारी होती. तिथून पुढे मला वर्ध्याला मुलींच्या वसतिगृहात काम लागलं. फोनवर बोलायचो. माझी सोडचिठ्ठी झाली ते मी त्यांना फोनवरच सांगितलं. एका सकाळी त्या सक्करदऱ्याच्या खोलीतच वारल्या. प्रीतीनं कळवलं, मी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. बाँडाचं वर्ष अजून चालू होतं. तो त्यांनी मोडला नव्हता, असं शेजारची बाई मला मुद्दाम सांगत होती.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या व्हरांड्यातच. मी चहाचे दोन पेले घेऊन परत आले, तर त्या आमच्या जागेवर नव्हत्या. व्हरांड्याच्या पार टोकाला एकच बाक होता आणि त्यावर सुधीर बसला होता, दुखरा पाय लांब करून, काठी भिंतीला टेकवून. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या होत्या. माझे पाय तिथंच थांबले.

"तोंड पूर्ण उघडते का?" त्या त्याला विचारत होत्या.

सुधीरनं मान हलवली. नाही.

"किती उघडते?"

त्यानं दोन बोटं एकावर एक ठेवून दाताशी नेली. तेवढीच मावत होती.

"भाकर खाता येते?"

"कुस्करून."

"दाखव."

तो आधी इकडेतिकडे पाहत राहिला. मग त्यानं चेहरा त्यांच्याकडे वळवला आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं. मॅडमनी पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांना लावला, चालत्या उजव्या हातानं त्याची हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली आणि आत बघू लागल्या. बराच वेळ बघत होत्या. त्यानं डोळे मिटून घेतले होते. चहा माझ्या बोटांवर सांडत होता आणि आतून शिपाई बाँडासाठी त्यांचं नाव पुकारत होता, लीला धकाते, लीला धकाते, पण त्यांनी हनुवटी सोडली नाही.